व्यसनाधीन माणूस आणि कायदा : हानी कमी करण्याच्या धोरणाचा एक अभ्यास

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पालक-मेळाव्यात एका मातेने उभे राहून प्रश्न विचारला होता. "समजा, अकरावीतल्या मुलाची पँट धुवायला घेतली आणि खिशात पुडी सापडली, तर आधी पोलिसांकडे जायचं की डॉक्टरकडे?" 'समजा' या शब्दावर तिने दिलेला जोर सभागृहात सर्वांना ऐकू आला. व्यासपीठावरील वक्त्यांनी पाचव्या शीलाचे महत्त्व सांगितले, मुलांवर लक्ष ठेवण्याचा उपदेश केला आणि पुढचा प्रश्न घेतला. ते वक्ते आम्हीच होतो. ती माता खाली बसली. तिला उत्तर मिळाले नव्हते, कारण ते आमच्यापाशी नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्या वसतिगृहात सहा वर्षे राहून गेलेला एक माजी विद्यार्थी वारला. वय तिशीच्या आत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कारण 'हृदयविकार' असे सांगितले गेले व आम्हीही ते खरे मानले. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या वडिलांनी आम्हांस वस्तुस्थिती सांगितली. मुलगा आधी गर्द ओढत असे, पुढे सुईवर गेला. घरच्यांनी त्याला एका खाजगी केंद्रात चार महिने बंद ठेवले. तो सुधारून परतला, अंगावर मांस चढले होते, घरात सर्वांना हायसे वाटले. पाचव्या दिवशी तो जुन्या मित्रांत गेला आणि पूर्वी घेत असे तेवढीच मात्रा घेतली. चार महिन्यांच्या खंडात शरीराची ती मात्रा पेलण्याची शक्ती ओसरलेली असते, ही एवढी एक गोष्ट केंद्रातून निघताना त्याला किंवा वडिलांना कोणी सांगितली नव्हती. श्वास मंदावू लागला तेव्हा बरोबरचे मित्र पोलिसांच्या भीतीने निघून गेले. कुटुंबाच्या संमतीने आम्ही हे लिहीत आहोत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

या दोन प्रसंगांनंतर आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला. अमली पदार्थ वाईट आहेत की नाहीत, हा त्या अभ्यासाचा प्रश्न नव्हता. त्याविषयी आमच्या मनात शंका नाही. जो माणूस आज व्यसनात आहे आणि आज ते सोडू शकत नाही, त्याच्याशी शासनाने, समाजाने व कुटुंबाने कसे वागावे, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाच्या एका उत्तरास जगभर 'हानी कमी करण्याचे धोरण' असे म्हणतात. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर त्या माणसाचा जीव जाऊ नये, त्याला एचआयव्ही किंवा कावीळ होऊ नये, त्याने चोरी करू नये आणि तो दवाखान्याच्या संपर्कात राहावा, यासाठी जे जे करता येईल ते करावे, असा हा विचार आहे. स्वच्छ सुया पुरवणे, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधे देणे, अतिमात्रेने श्वास थांबू लागल्यास नॅलोक्सोन हे उतारा-औषध टोचणे, ही त्याची प्रमुख साधने होत. ऐकताक्षणी हा विचार बहुतेकांना रुचत नाही. आम्हांसही रुचला नव्हता. व्यसनी माणसाला सरकारने सुई द्यायची, म्हणजे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखेच नव्हे काय? जेथे हा वाद सर्वांत उघडपणे लढला गेला, त्या स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराची हकीकत म्हणूनच आम्ही बारकाईने पाहिली.

झुरिचच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाशेजारी, राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाच्या मागे, दोन नद्यांच्या संगमावर प्लात्झश्पिट्झ नावाची बाग आहे. १९८७ च्या सुमारास पोलिसांनी शहरात ठिकठिकाणी हाकलून लावलेले हेरॉइनचे व्यसनी या बागेत गोळा होऊ लागले. गर्दीच्या दिवसांत त्यांची संख्या हजारांत जाई. श्रीमंत, शिस्तप्रिय, घड्याळे व बँकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात माणसे भर दिवसा उघड्यावर स्वतःला टोचून घेत होती व बागेतच कोसळत होती. त्याआधी, १९८५ मध्ये, प्रांताच्या आरोग्याधिकाऱ्यांनी डॉक्टरांना सुया वाटण्यास मनाई केली होती. सुया मिळाल्या नाहीत तर व्यसन आटोक्यात येईल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात एकच सुई अनेकांत फिरू लागली आणि एचआयव्ही पसरला. अनेक डॉक्टरांनी ती बंदी उघडपणे मोडली, परवाने जाण्याचा धोका पत्करला आणि अखेर प्रशासनाला माघार घ्यावी लागली. १९८८ पासून बागेतच एक वैद्यकीय केंद्र चालवले गेले. तेथे स्वच्छ सुया मिळत व श्वास थांबलेल्यांना पुन्हा जिवंत केले जाई.

फेब्रुवारी १९९२ मध्ये बाग बंद करण्यात आली. दरवाजांना कुलपे लागली, पण पर्यायी व्यवस्था पुरेशी नव्हती. माणसे नाहीशी झाली नाहीत. ती लगतच्या वस्त्यांच्या जिन्यांत व अंगणांत शिरली आणि नंतर लेटेन या वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकावर जमली. त्याच वर्षी देशात अमली पदार्थांमुळे चारशेहून अधिक मृत्यू झाले. लेटेनही १९९५ च्या फेब्रुवारीत रिकामे करण्यात आले, परंतु या वेळी तयारी निराळी होती. मेथाडोन सहज मिळू लागले होते, निवारे उघडले होते, आणि १९९४ पासून ज्यांच्यावर इतर सर्व उपचार निष्फळ ठरले आहेत अशा जुन्या व्यसनींना दवाखान्यात, परिचारिकेच्या समक्ष, औषध म्हणून शुद्ध हेरॉइन देण्याचा प्रयोग चालू झाला होता. दोन्ही वेळी पोलीस तेच होते. पहिल्या वेळी ते माणसांना फक्त हाकलत होते, दुसऱ्या वेळी त्यांच्यापाशी सांगायला एक पत्ता होता. आमच्या मते संपूर्ण हकीकतीतील हा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

स्विस शासनाने या धोरणास 'चार खांब' असे नाव दिले : प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि कायद्याची अंमलबजावणी. चौथा खांब त्यांनी काढून टाकलेला नाही. विक्रेत्याला तेथे आजही तुरुंग आहे. त्या देशात अशा प्रश्नांवर जनता थेट मतदान करते, म्हणून लोकांचे मनही आकड्यांत कळते. १९९७ मध्ये केवळ संयमावर आधारलेले कडक धोरण आणावे हा प्रस्ताव सुमारे ७० टक्क्यांनी फेटाळला. पुढच्याच वर्षी सर्व अमली पदार्थ कायदेशीर करावेत हा उलट टोकाचा प्रस्तावही सुमारे ७४ टक्क्यांनी फेटाळला. २००८ मध्ये मात्र चार खांबांचे धोरण कायमचे कायद्यात घालण्यास ६८ टक्के मतदारांनी संमती दिली. ही मते देणारे बहुसंख्य लोक व्यसनी नव्हते, क्रांतिकारकही नव्हते. ते आपल्या मुलांना शाळेत पोहोचवणारे पालक होते आणि जिन्यातल्या सुया त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.

यामुळे तरुण अधिक संख्येने हेरॉइनकडे वळले काय? झुरिच प्रांताच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० मध्ये सुमारे ८५० जण नव्याने हेरॉइनच्या आहारी गेले होते. २००२ मध्ये ही संख्या सुमारे १५० वर आली. संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे की, हेरॉइन ही दवाखान्याच्या रांगेत उभे राहून घेण्याची गोष्ट झाली तेव्हा तिच्यातील बंडखोरीचे आकर्षण संपले आणि ती हरलेल्या, आजारी माणसाची खूण ठरली. एकाच कारणाने एवढी घट झाली असे आम्ही म्हणणार नाही. मात्र 'सुई दिली की व्यसन वाढते' हे विधान त्या आकड्यांपुढे टिकत नाही, हे निश्चित.

आता आपल्याच देशाकडे येऊ, कारण हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत असे कोणी म्हणेल. मणिपूर हे छोटे राज्य म्यानमारच्या सीमेवर आहे, आणि सीमेपलीकडून येणारे शुद्ध हेरॉइन १९८० च्या दशकात तेथे स्वस्त होते. सुई मात्र दुर्मीळ होती. ती जवळ सापडली तर पोलीस पकडत, म्हणून ती लपवून ठेवली जाई व एका सुईवर अनेकांचे भागे. १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत तपासलेल्या व्यसनींमध्ये एचआयव्हीची बाधा आढळली नव्हती. पुढील सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्मे बाधित निघाले. या काळात समाजाने काय केले? हताश पालकांनी मुलांना स्वतःहून तुरुंगात घातले. काही सशस्त्र गटांनी व्यसनी तरुणांच्या पायांत गोळ्या घातल्या. एवढी जरब जगात फार थोड्या ठिकाणी असेल, तरीही साथ वाढतच गेली आणि पतींकडून पत्नींपर्यंत व मातांकडून अर्भकांपर्यंत पोहोचली.

१९९६ मध्ये मणिपूरने राज्याचे एड्सविषयक धोरण स्वीकारले आणि त्यात हानी कमी करण्यास उघड मान्यता दिली. असे करणारे ते भारतातील पहिले राज्य होय. सुयांची अदलाबदल, पर्यायी औषध आणि स्वतः व्यसनातून गेलेल्या तरुणांनीच कार्यकर्ते होणे, यांवर तेथील काम उभे राहिले. २०१० च्या सुमारासच्या पाहणीत सुई वापरणाऱ्यांतील एचआयव्हीचे प्रमाण आठांत एक इतके खाली आले होते. या घटीत केवळ यश नाही, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या लाटेतील कित्येक जण तोवर मृत्यू पावले होते व म्हणून मोजणीत नव्हते. २००७ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत देशभर स्वीकारली. जिभेखाली ठेवण्याची बुप्रेनॉर्फिनची गोळी देणारी केंद्रे आज मुंबईतही आहेत, परंतु आमच्या पालकांपैकी कितीजणांना ती ठाऊक आहेत?

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. गर्द हा शब्द १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत घराघरांत पोहोचला आणि त्याबरोबर 'गर्दुल्ला' ही शिवीही. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे मराठी समाजाला सांगण्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे.

पोर्तुगालचे उदाहरण वारंवार दिले जाते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. २००१ पासून तेथे दहा दिवसांच्या वापराइतका पदार्थ जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. माणसाला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या एका समितीपुढे जावे लागते. विक्री आजही गुन्हाच आहे. त्याच वेळी उपचारांवरील खर्च व सोयी वाढवल्या गेल्या आणि सुईतून होणारी एचआयव्हीची नवी लागण पुढील दशकात झपाट्याने घटली. उलट अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२० च्या जनमताने शिक्षा काढून टाकल्या, पण उपचाराची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही. दंडाच्या पावतीवर मदतीचा दूरध्वनी क्रमांक होता, त्यावर फारच थोड्यांनी संपर्क केला. रस्त्यांवरील उघड सेवनाला लोक कंटाळले आणि सप्टेंबर २०२४ पासून तेथे पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. शिक्षा काढून घेणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे, म्हणजे दवाखाना, निवारा, रोजगार, हे खर्चाचे व कष्टाचे आहे, आणि ते न करता पहिले केले तर धोरणाचेच नाव खराब होते.

आपल्याकडील कायदा १९८५ चा. अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, अर्थात एनडीपीएस या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. त्याच्या २७ व्या कलमानुसार केवळ सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन किंवा कोकेनसाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत. पदार्थ 'अल्प' प्रमाणात होता की 'व्यापारी' प्रमाणात, यावर शिक्षेची तीव्रता ठरते. हेरॉइनसाठी या मर्यादा ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, गांजासाठी १ किलो व २० किलो अशा आहेत. या कायद्याची वृत्तपत्रांतून दिसणारी बाजू म्हणजे धाडी आणि अटका. परंतु त्याच कायद्यात ६४-अ हे एक कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले, तर त्याबद्दल तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. ३९ व्या कलमान्वये, दोषी ठरल्यावरही न्यायालय अशा व्यक्तीस तुरुंगाऐवजी तिच्या संमतीने उपचारासाठी पाठवू शकते. आम्ही ज्या ज्या पालकांशी बोललो, त्यांपैकी एकालाही ही कलमे ठाऊक नव्हती. आम्हांसही नव्हती.

आमचे एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "हे सगळे ठीक, पण मग पाचव्या शीलाचे काय?" शील हे दुसऱ्यावर लादलेली आज्ञा नाही. ते स्वतः स्वीकारायचे शिक्षापद आहे. ज्याने ते घेतले त्याचे ते बंधन. आणि ते मोडणाऱ्याशी संघाने कसे वागावे, याचाही आधार विनयपिटकात आहे. स्थविर सागत यांनी एका भयंकर नागास वश केले होते. कोसंबीच्या नागरिकांनी कृतज्ञतेपोटी घरोघरी त्यांना मद्य अर्पण केले आणि ते इतके प्याले की नगराच्या वेशीपाशी कोसळले. भगवान बुद्ध भिक्खूंसह तेथून जात होते. त्यांनी सागतास उचलून विहारात नेण्यास सांगितले. प्रथम हे झाले, नियम त्यानंतर घातला गेला. तो नियमही 'पाचित्तिय' वर्गातला आहे. ज्या चार अपराधांनी भिक्खू संघातून कायमचा बाद होतो, त्या 'पाराजिक' वर्गात मद्यपान नाही. मद्यपानाचा दोष कबूल करून भिक्खू संघातच राहतो. परंपरेनुसार हेच सागत पुढे अर्हत झाले. शीलाची थोरवी सांगताना आम्ही ही कथा आजवर कधी सांगितली नव्हती, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

या अभ्यासाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वर जे लिहिले ते मुख्यतः हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांविषयी आहे. आज आमच्या मुलांसमोर येतो तो बहुधा एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नाहीतर झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध. एमडीला बुप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध नाही, आणि नॅलोक्सोनचा उताराही त्यावर चालत नाही. तेथे समुपदेशन, झोप, अन्न, मानसोपचार आणि मुलाशी न तुटलेले नाते यांवरच भिस्त आहे.

आता त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना. आधी डॉक्टर. शक्यतो शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभाग. तेथे मुलालाच घेऊन जावे आणि तो काय घेतो, किती दिवस, कसे, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्यावे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क दूरध्वनी आहे. १९३३ हा क्रमांक अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा आहे आणि विक्रेत्याविषयी माहिती द्यावयाची असेल तर तो योग्य. मूल अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि त्याला अमली पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. पोलिसांचे काम त्या दुसऱ्या माणसाशी आहे.

केंद्र निवडताना विचारावे की तेथे डॉक्टर रोज येतात काय, कुटुंबीयांना भेटू देतात काय, साखळीने बांधतात काय. बांधणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध आहे. मुलगा परत येईल तेव्हाचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे आहेत, हे त्याला व घरातील प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगावे. 'आता पुन्हा हात लावलास तर घरात पाऊल ठेवू नकोस' असे मात्र म्हणू नये, कारण हात लागलाच तर तो एकटा, कुठल्यातरी आडोशाला घेईल. ओठ निळसर पडणे, घरघर, मंदावलेला श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि हाक मारूनही जाग न येणे ही अफूजन्य पदार्थाच्या अतिमात्रेची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ ला दूरध्वनी करावा, माणसाला कुशीवर वळवावे, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सोडून जाऊ नये, आणि त्याने काय घेतले आहे ते डॉक्टरांपासून लपवू नये.

या वर्षापासून वसतिगृहाच्या सूचनाफलकावर, भोजनाच्या वेळापत्रकाखाली, हे तिन्ही क्रमांक लिहिलेले आहेत. पहिल्या आठवड्यात कोणीतरी ते पुसून टाकले. आम्ही ते पुन्हा लिहिले, या वेळी ऑइलपेंटने.